शिंगं

पावणेसातला बिल्वा उंबऱ्यावर बसते
आणि मला हात मागं घ्यायला लावते.
"मी. माझं मी."
अडीच वर्षांच्या तोंडात एवढं एकच वाक्य पक्कं बसलंय,
बाकीची अजून सैल आहेत,
तिच्या बुटांसारखी.
बूट एक नंबर मोठे घेतलेत, महाद्वार रोडवरनं.
"वाढता पाय हाय, दिवाळीपतूर जातील," म्हणाला दुकानदार.

मी दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसतो.
पाळीभर वितळलेलं लोखंड साच्यात ओतणारे हात,
एक थेंब इकडंतिकडं नाही.
इथं त्यांना काही काम नाही.

आधी जीभ वर ओढायची.
बुटाला जीभ असते हे ऐकल्यावर
तिनं स्वतःची काढून दाखवली,
मग बुटाची बघितली,
मग माझी.
यात गेली चार मिनिटं.

मग बोटं आत. बोटं जातात,
बोटांना सगळीकडं जायचंच असतं.
अडते ती टाच.
टाच म्हणजे घरातला थोरला माणूस,
सगळे गाडीत बसले तरी हा दारातच उभा.
"ढकल. जमिनीवर आपट. आणि एकदा."
ती आपटते दुसराच पाय.

डावं-उजवं कळत नाही अजून.
जेवायचा हात तो उजवा, असं सांगून बघितलं.
ती दोन्ही हातांनी जेवते.
म्हणून रविवारी काळ्या मार्करनं
बुटांच्या आत म्हशीचं तोंड काढलं,
अर्धं ह्यात, अर्धं त्यात,
एकेक डोळा, एकेक शिंग.
बूट नीट शेजारी लागले की म्हैस तुमच्याकडं बघते.
उलटे लागले
की शिंगं मधेच एकमेकांत घुसतात
आणि डोळे दोन दिशांना पळतात.

बायकोनं बघून विचारलं, "गाढव का काढलंय?"
सीपीआरमधनं रात्रपाळी करून आलेली माणसं
काहीही बोलतात.

आज तिनं बूट मांडले. वाकून बघितलं.
शिंगं घुसलेली.
मी मांड्यांखाली हात आणखी दाबले.
"म्हशी भांडतात," ती म्हणाली,
आणि खुशीत
घातला एक, घातला दुसरा,
टाच आपटली, बरोब्बर तीच,
वेलक्रोचा पट्टा खर्रकन ओढून
तिरका बसवला
आणि उभी राहिली
पायांची तोंडं दोन बाजूंना करून,
एक रंकाळ्याकडं, एक स्टेशनकडं.

सांगणार होतो. नाही सांगितलं.

गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो दोघं.
ग्लास अर्धा फेसाचा, तिला फेसाचीच मिशी.
एकजण म्हणाला, "उलटं बूट घातल्यासा की ओ पोरीला!"
पिशवीवाल्या मावशी तर खालीच बसल्या,
पट्टा सोडायला हात पुढं.
बिल्वानं पाय मागं घेतला.
"राहू देत," मी म्हटलं. "तिचं तिनं घातल्यात."
मावशींनी माझ्याकडं बघितलं,
मग बुटांकडं.
"व्हय? मग असू देत बाई."
खरी म्हैस रवंथ करत होती,
तिनं काही मत दिलं नाही.

दुपारी दुसऱ्या पाळीला निघताना
मोरीजवळनं सेफ्टी शूज ओढले.
आत मार्कर.
टोपण कुठं गेलं कुणास ठाऊक.
दोन्ही बुटांत सारखाच गुंता,
शिंग म्हणावं तर सगळंच शिंग,
डोळा एकही नाही.
शिरोलीची गाडी कोपऱ्यावर हॉर्न देत होती.
मी उंबऱ्यावर बसलो,
दोन्ही शेजारी लावून बघितले,
आणि बारा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा
डावा कुठला
ते पटकन सांगता येईना.